यूरिक आम्लावर एकच शिक्का नको

विद्यार्थी मित्रांनो, यूरिक आम्ल म्हणजे काय, असे परीक्षेत विचारले तर तुम्ही चटकन लिहाल, 'शरीरातील एक टाकाऊ पदार्थ'. गुणही मिळतील, पण उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धेही वर्गात सांगितले जावे, असे मला वाटते.

या आम्लाची बदनामी जुनी आहे. १७७६ साली शेले या रसायनशास्त्रज्ञाने ते मुतखड्यातून वेगळे काढले. १८४८ मध्ये आल्फ्रेड गॅरॉड या इंग्रज डॉक्टरांनी ते गाऊटच्या रोग्यांच्या रक्तात जादा असते, हे दाखवले. १०० मिलिलिटर रक्तद्रवात ते सुमारे ७ मिलिग्रॅमपर्यंतच नीट विरघळलेले राहते. प्रमाण त्याहून वाढले की सांध्यांत सुईसारखे स्फटिक साचू शकतात. मग पायाचा अंगठा सुजून ठणकू लागतो.

आता दुसरी बाजू पाहा. बहुतेक सस्तन प्राण्यांत यूरिकेज नावाचे विकर या आम्लाचे विघटन करते. आपल्या पूर्वजांत मात्र या विकराचा जनुक एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वीच निकामी झाला. म्हणून आपल्या रक्तात हे आम्ल अधिक. हा निव्वळ तोटाच का? १९८१ साली अमेरिकेतील ब्रूस एम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार मांडला. आपण घेतलेल्या ऑक्सिजनपासून शरीरात काही अतिक्रियाशील कण तयार होतात व पेशींतील मेद, प्रथिने, डीएनए यांची मोडतोड करतात. रक्तातील यूरिक आम्ल अशा काही कणांना निष्प्रभ करते आणि रक्तात ते 'क' जीवनसत्त्वापेक्षाही जास्त असते! म्हणजे हा तर पहारेकरीच.

पण थांबा. हाच पहारेकरी पेशीच्या आत शिरला की काही वेळा असे कण वाढवतोही. शिवाय ज्या विकरामुळे यूरिक आम्ल बनते, तेच विकर काम करता करता असे कण निर्माण करते.

मग हे आम्ल वाढवावे की घटवावे? दोन्ही करून पाहिले आहे. यूरिक आम्ल अधिक असणाऱ्यांत पार्किन्सनचा कंपवात कमी आढळतो, म्हणून अमेरिकेत रोग्यांना ते वाढवणारे औषध दिले. २०२१ मध्ये निष्कर्ष आला : रोगाची गती मंदावली नाही, मुतखडे मात्र वाढले. हृदयरोग्यांत ते अधिक आढळते, म्हणून ब्रिटनमध्ये गाऊट नसलेल्या हृदयरोग्यांना ते घटवणारे औषध दिले. २०२२ मध्ये कळले की त्यांच्या हृदयाला फायदा झाला नाही.

यातून काय शिकायचे? दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. त्यासाठी प्रयोगच करावा लागतो. गाऊटच्या रोग्याला यूरिक आम्ल घटवणारे औषध खरोखर लागते. म्हणून ते सर्वांनी घ्यावे असे नाही. ऑक्सिडीभवन रोखणारी प्रत्येक गोळी गुणकारीच, ही जाहिरातबाजीही याच कसोटीवर घासून पाहा.

शिक्षकहो, फळ्यावर 'टाकाऊ पदार्थ' लिहाल, तेव्हा पुढे तीन प्रश्नही लिहा : किती? कोठे? कोणाच्या शरीरात? आणि मित्रांनो, एखाद्या पदार्थाला कोणी चांगला किंवा वाईट म्हणाले, की हेच तीन प्रश्न तुम्हीही विचारा.