उजेड पडला, पण कशाचा?

महिन्याभरापूर्वीची गोष्ट. शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर (आईने बोंबलाचं कालवण केलं होतं, त्यामुळे मेंदूचा वेग आधीच निम्म्यावर आलेला) आम्ही चार मित्र चारकोपमध्ये खाडीच्या बाजूला पाय मोकळे करायला गेलो. एकाच्या डोक्यात नवीन किडा वळवळत होता. पोईसर नदीचे (आमच्या सेक्टरमध्ये तिला अजूनही सगळे नालाच म्हणतात) ठिकठिकाणचे नमुने घ्यायचे, त्यात चकाकणाऱ्या डीएनएचं द्रावण टाकायचं, मोबाईलच्या कॅमेऱ्याने उजेड मोजायचा आणि नकाशावर लाल-हिरवे ठिपके द्यायचे. शिसं, आर्सेनिक, कीटकनाशकं, औषधांचे अंश, जे सापडेल ते. ॲप मी लिहायचं. सगळेच इंजिनिअर असल्यामुळे रसायनशास्त्र सोडून बाकी सगळं पंधरा मिनिटांत ठरलं :-)

त्यानंतरचे दोन वीकेंड मी वाचनात घालवले, आणि आता माझं मत असं झालंय की तो नकाशा लोकांपुढे ठेवायचा नाही. निदान आम्ही ठरवला होता तसा तरी नाहीच. (मी जीवशास्त्रातला माणूस नव्हे. बारावीनंतर त्या विषयाचं तोंड पाहिलेलं नाही. जाणकारांनी कान पकडावेत.)

आधी ही भानगड काय आहे ते सांगतो. ॲप्टॅमर म्हणजे डीएनए किंवा आरएनएचा छोटा तुकडा, जो स्वतःभोवती दुमडून असा आकार घेतो की त्याच्या खोबणीत एक ठरावीक रेणू नेमका बसतो. असे तुकडे शोधायची पद्धत १९९० साली अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडली: एकीकडे ट्यूर्क आणि गोल्ड, दुसरीकडे एलिंग्टन आणि शोस्टाक. पद्धत वाचून मला घरी आल्यासारखं वाटलं, कारण ती चक्क ब्रूट फोर्स आहे! कोटी गुणिले कोटी एवढे वाटेल तसे तुकडे बनवायचे, हव्या त्या रेणूवर सोडायचे, न चिकटणारे धुऊन टाकायचे, चिकटलेल्यांच्या प्रती काढायच्या आणि पुन्हा तेच. अशा दहा-बारा फेऱ्यांनंतर जे उरतील ते उमेदवार.

उजेडाचा भाग त्यानंतरचा. तुकड्याच्या एका टोकाला चकाकणारा रंग जोडायचा आणि जवळच तो विझवणारा दुसरा रेणू. पाहुणा येऊन बसला की तुकड्याचा आकार बदलतो, दोघांतलं अंतर वाढतं आणि दिवा लागतो. दुसरा प्रकार त्याहून गमतीदार आहे. २०११ साली न्यूयॉर्कमध्ये सॅमी जॅफ्री यांच्या गटाने असा आरएनए बनवला, जो एरवी न चकाकणाऱ्या रंगाला कवेत घेतला की हिरवा उजळतो. नाव ठेवलं स्पिनॅच, म्हणजे आपला पालक. पुढे ब्रोकोलीही आली. २०२० साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या ज्युलियस लक्स यांच्या गटाने याच ब्रोकोलीचा दिवा वापरून पाणी तपासायचा संच दाखवला. त्यात प्रदूषक ओळखायचं काम प्रथिनं करतात, आरएनए फक्त उजेड पाडतो. भाजीच्या गाडीवरून निघालेलं विज्ञान. मला मनापासून आवडलं.

मग माशी कुठे शिंकली? लहान रेणूंपाशी. प्रथिनासारखा मोठा रेणू पकडायला दहा जागा असतात. आर्सेनाइट म्हणजे आर्सेनिकचा एक अणू, ऑक्सिजनचे तीन आणि थोडा हायड्रोजन. धरणार कुठे? शिवाय न चिकटणारे तुकडे धुऊन टाकायचे म्हणजे रेणू आधी कुठल्यातरी मण्यावर पक्का बसवावा लागतो. मोठ्या प्रथिनाला त्याने फारसा फरक पडत नाही, पण लहान रेणूचा अर्धा भाग तिथेच अडकतो. मग निवडलेला तुकडा मोकळ्या रेणूला ओळखेलच, याची खात्री कोण देणार?

आणि इथे ती गोष्ट वाचली, जिच्यामुळे माझी झोप उडाली. २००९ साली कोरियातल्या एका गटाने आर्सेनिक पकडणारा डीएनए ॲप्टॅमर प्रसिद्ध केला. पुढची दहा वर्षं जगभर लोक त्यावर सेन्सर बांधत राहिले, आणि प्रत्येकाचा सेन्सर उत्तम चालत होता. २०१९ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात ज्यूवेन लिऊ यांच्या गटाने मुळातला प्रश्न विचारला: हा तुकडा आर्सेनिकला धरतो तरी का? वेगवेगळ्या पद्धतींनी मोजून उत्तर आलं, धरत नाही. मग इतके दिवस सेन्सर चालत कसे होते? त्यातले बरेच सोन्याच्या सूक्ष्म कणांच्या रंगबदलावर बेतलेले होते, आणि आर्सेनिक त्या सोन्याला स्वतःच जाऊन चिकटतं. ॲप्टॅमर बिचारा नुसताच हजर!

आपल्या धंद्यात हे रोज घडतं. कुणीतरी कधीकाळी लिहिलेली लायब्ररी, वर शंभर प्रॉडक्ट उभी, आणि युनिट टेस्ट कुणीच लिहिलेली नाही. फरक इतकाच की आमच्याकडे फार तर कुणाची ऑर्डर अडकते.

आता हाच सेन्सर चारकोपला आणा. पोईसर राष्ट्रीय उद्यानात उगम पावते, कांदिवलीतून वाहत येते आणि पश्चिमेला खाडीला मिळते. म्हणजे खालच्या पट्ट्यात दिवसातून दोनदा भरतीचं पाणी आत शिरतं. डीएनए कसा दुमडणार हे पाण्यातल्या क्षारांवर अवलंबून असतं. खारटपणा बदलला की घडी बदलते, घडी बदलली की उजेड बदलतो. आमचं ॲप मोठ्या इमानदारीने दिवसातून दोनदा प्रदूषण वाढल्याचं दाखवेल आणि प्रत्यक्षात आम्ही समुद्र मोजत असू! त्यात कपडे धुण्याच्या पावडरीत पांढरेपणासाठी घातलेली द्रव्यं अतिनील प्रकाशात स्वतःच निळी चकाकतात. नाल्यात ती किती असतील ते चारकोपकरांना सांगायला नको.

चुकीच्या ठिपक्याची किंमत कोण मोजतं ते आपण पाहिलंय. जुलै २०१८, गोवा. मडगावच्या घाऊक बाजारात जागेवरच्या चाचणीत मासळीत फॉर्मेलिन दिसलं. नंतर प्रयोगशाळेच्या हवाल्याने सांगितलं गेलं की प्रमाण मर्यादेत आहे. लोकांनी ना या चाचणीवर विश्वास ठेवला, ना त्या. शेवटी सरकारने बाहेरून येणारी मासळी पंधरा दिवस बंद केली. ती चाचणी ॲप्टॅमरची नव्हती, पण दुखणं तेच. मासा मेल्यावर त्याच्या शरीरात थोडं फॉर्मल्डिहाइड आपोआप तयार होतं. तेव्हा किटने 'आहे' म्हटलं की पहिला प्रश्न हवा, 'नुसत्या ताज्या माशात किती असतं?' तो शांतपणे विचारायच्या आत बाजार ओस पडतो.

आमच्या घरी मासळी देणाऱ्या मावशींचा सगळा आठवडा शुक्रवार आणि रविवारवर चालतो. माझ्या ॲपवर खाडीपाशी एक लाल ठिपका उमटला तर त्यांनी कुणाकडे दाद मागायची? आणि उलटं झालं, ठिपका हिरवा असताना पाण्यात खरंच विष असलं, तर ते जेवणार आम्हीच.

म्हणून मी मित्रांपुढे अट ठेवली. प्रत्येक नमुन्याला तीन नळ्या. पहिलीत खरा ॲप्टॅमर. दुसरीत तीच अक्षरं, पण क्रम पिसलेला तुकडा. तोही उजळला तर आम्ही पाण्याचा खारेपणा नाहीतर साबण मोजतोय. तिसरीत खरा ॲप्टॅमर आणि वरून मुद्दाम घातलेलं मोजकं प्रदूषक. तिथे उजेड अपेक्षेइतका वाढला नाही तर या पाण्यात सेन्सर आंधळा आहे. तिन्ही आकडे उघड मांडायचे आणि लाल ठिपका देण्याआधी तोच नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. खर्च तिप्पट होतो, हे मान्य. 'एका थेंबात निकाल' म्हणून मिरवता येत नाही, हेही मान्य. पण एकाच नळीवर नकाशा रंगवणार असाल तर त्यावर माझं नाव नको.

यावर थोडी वादावादी झाली. एकाचं म्हणणं, महापालिकेच्या अहवालांची वाट बघत बसण्यापेक्षा चुकतमाकत का होईना, काहीतरी दिसू दे. त्याचा मुद्दा मला कळतो. नाल्याचा वास त्यालाही येतो आणि मलाही. पण चुकतमाकत हे शब्द नकाशावर कुठे छापले जात नाहीत, तिथे नुसता लाल रंग दिसतो. मला सध्या ग्रुपमध्ये 'क्यूए काका' हे नाव पडलंय. असो.

येत्या रविवारी भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा अशा दोन बाटल्या भरून आणायच्या आणि फक्त खारटपणा मोजायचा, एवढं ठरलंय. ॲपमध्ये आत्ता एकच पान आहे. त्यावर नकाशा नाही, भरती-ओहोटीचं वेळापत्रक आहे.