मोटारीचा फूत्कार

संध्याकाळी शाळा सुटून मुले रस्त्यावर आली, की अलीकडे एक नवाच आवाज कानी पडू लागला आहे. एखादी मोटार भरधाव येते, चालक क्षणभर पाय उचलतो, आणि गाडीच्या पोटातून नागाच्या फूत्कारासारखा ध्वनी बाहेर पडतो. लहान मुले थबकून पाहतात, मोठी मुले एकमेकांस ढोसून गाडीचे नाव सांगतात, आणि ओट्यावर बसलेले वृद्ध गृहस्थ कपाळास आठ्या घालतात. हा फूत्कार म्हणजे गाडीच्या बळाची खूण होय, असा समज आमच्या विद्यार्थ्यांत रूढ होऊ पाहत आहे. तो समज खरा की खोटा, याचा विचार शाळेच्या वार्षिक अंकात करणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही. कारण आज जो विद्यार्थी तो आवाज कौतुकाने ऐकतो, तोच उद्या घरची मोटार चालविणार आहे.

आरंभीच सांगावयास हवे, की आम्ही यंत्रांचे वैरी नव्हे. यंत्र उघडून पाहण्याची ज्यास इच्छा होते, त्या मुलाच्या अंगी काहीतरी चांगले आहे, असेच आम्ही मानतो. म्हणूनच प्रथम यंत्राकडे पाहू आणि मग मतांकडे वळू.

पेट्रोल एकटे जळत नाही. त्यास हवा लागते, आणि तीही थोडीथोडकी नव्हे. एक किलो पेट्रोल नीट जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा हवी. म्हणजे एक लिटर पेट्रोलामागे इंजिन सुमारे नऊ हजार लिटर हवा ओढून घेते. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर आहे. लिटरमागे पंधरा किलोमीटर धावणारी गाडी तेथवर पोहोचेपर्यंत साठ हजार लिटर हवा प्राशन करते. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा वर्गात जेवढी हवा मावते, तेवढी ही झाली. तेव्हा इंजिनाचे बळ जसे पेट्रोलात आहे, तसेच ते त्याच्या श्वासातही आहे.

हा श्वास वाढविण्याची युक्ती अल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यास सुचली आणि १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर वाया जातो; त्याच्या जोराने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवावे, आणि त्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबावी, अशी ती युक्ती होती. यासच आपण आज टर्बो म्हणतो. पुढे विमाने उंच उडू लागली, तेव्हा तेथील विरळ हवेत इंजिनांचा दम पुरेना. म्हणून १९१८ साली सॅनफर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्याने आपले यंत्र पाइक्स पीक नावाच्या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पर्वतावर नेऊन त्याची परीक्षा घेतली. साध्या प्रवासी मोटारींत टर्बो आला तो १९६२ साली, अमेरिकेत. आज आपल्या भागातील कित्येक घरांच्या गाड्यांत तो आहे. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीचा घाट भरल्या गाडीने चढावयाचा, तर त्याचा उपयोग किती, हे सांगण्याची गरज नाही.

टर्बोचे चक्र मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेते. चालकाने पाय उचलला, की इंजिनाच्या तोंडाशी असलेले थ्रॉटलचे झाकण मिटते. पण चक्र काही तत्काळ थांबत नाही. दाबलेली हवा मिटल्या झाकणावर आदळून मागे फिरते आणि चक्रासच धक्के देऊ लागते. तसे होऊ नये म्हणून मध्ये एक झडप ठेवलेली असते. तिला डंप व्हॉल्व्ह म्हणतात. बहुतेक कारखानदार ही झडप अशी बसवितात, की सुटलेली हवा पुन्हा टर्बोच्या अलीकडच्या नळीत जावी. हौशी मंडळी ती काढून दुसरी बसवितात, आणि हवा सरळ बाहेर सोडून देतात. रस्त्यावर ऐकू येणारा फूत्कार तो हाच.

आता विद्यार्थ्यांनी क्षणभर विचार करावा. इंजिन जोर करते, तेव्हा थ्रॉटल उघडे असते. ही झडप उघडते, ती थ्रॉटल मिटल्यावर. मग जी वस्तू इंजिन जोर करीत असता मिटलेली असते, ती त्याचा जोर वाढविणार कशी? मूळची झडप नीट चालत असेल, तर नव्या झडपेने गाडीचे बळ वाढत नाही. वाढतो तो केवळ आवाज. इंजिनाने कष्टाने दाबलेली हवा रस्त्यावर सांडल्याचा तो आवाज आहे.

ज्या गाडीत हवा मोजणारे यंत्र टर्बोच्या अलीकडे बसविलेले असते, तेथे तर तोटाच होतो. त्या यंत्राने मोजलेल्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल सोडले जाते. हवा मात्र वाटेतच निघून गेलेली असते. त्यामुळे पेट्रोल अधिक आणि हवा कमी असे होऊन काळा धूर निघतो, गाडी आचके देते, आणि धूर शुद्ध करणारे महागडे उपकरण हळूहळू निकामी होते. काही गाड्यांत हवेचा दाब पुढे, इंजिनाजवळ मोजला जातो. तेथे ही हानी फारशी होत नाही, पण लाभही नाही. डिझेल गाड्यांची कथा याहून मौजेची. डिझेल इंजिनाचा वेग हवेचे झाकण मिटून आवरला जात नाही, म्हणून त्यास अशा झडपेची गरजच सहसा पडत नाही. तरीही डिझेल गाडीतून फूत्कार काढणारी उपकरणे बाजारात विकली जातात, आणि विकत घेणारेही भेटतात!

दुसरी हौस हवा घेण्याच्या वाटेची. मूळची एअर फिल्टरची पेटी काढून टाकावयाची आणि बॉनेटखाली उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर लावावयाचा. आपल्या प्रदेशात याचा विचार अधिकच सावधपणे केला पाहिजे. वैशाखात येथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो. मूळची पेटी गाडीच्या पुढून बाहेरची हवा घेते. उघडा फिल्टर इंजिनाशेजारची तापलेली हवा ओढतो. बाहेर चाळीस अंश आणि आत साठ अंश धरले, तर आतली हवा सुमारे सहा टक्के विरळ भरते. म्हणजे जे मिळविण्यासाठी पैसे मोजले, तेच गमाविले! शिवाय उन्हाळ्यात नांगरलेल्या वावरांची माती, जिनिंगच्या आसपास उडणारी कापसाची तूस, आणि सौंसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणींकडून येणाऱ्या मालगाड्यांची धूळ, या सर्वांतून आपल्या मोटारी धावतात. निकृष्ट फिल्टरातून गेलेला मातीचा कण लाख फेरे घेणाऱ्या चक्राच्या पात्यांवर काय करील, आणि पुढे सिलिंडरच्या भिंती कशा खरडील, हे ओळखण्यास मोठी विद्वत्ता नको.

आमच्या परिचयाच्या एका घरी असेच घडले. आंबिया बहाराची संत्री बऱ्या भावाने गेली. घरच्या तरुणाने त्या पैशांतला काही भाग गाडीच्या नव्या झडपेवर आणि उघड्या फिल्टरवर खर्च केला. गावभर वाहवा झाली. मार्च महिन्यात आजोबांचे डोळे दाखविण्यासाठी सर्व मंडळी नागपुरास निघाली. पांढुर्ण्याकडचा आणि सौंसरकडचा रस्ता जेथे मिळतो, त्या सावनेरच्या आसपास वाहनांची गर्दी लागली. तरुणाने पाय उचलला, नेहमीचा फूत्कार झाला, आणि गाडी जागीच बंद पडली. मागून मालट्रक येत होता. त्याचा चालक सावध होता म्हणूनच अनर्थ टळला. आजोबा रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "पोरा, तुझी गाडी श्वास कमी घेते आणि उसासेच फार टाकते." त्या मुलाने दुसऱ्याच आठवड्यात मूळची झडप परत बसविली. दुरुस्तीचा खर्च किती झाला, ते त्याने आम्हांस सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

यावर तरुण मंडळी काय म्हणतील, याची आम्हांस कल्पना आहे. "गाडी आमची, पैसा आमचा, इतरांस काय त्याचे?" असे पहिले उत्तर येईल. पण गाडी एकट्याची नसते. तिच्यात आई बसते, आजोबा बसतात, आणि रस्त्यावर तर सारे गावच असते. म्हणूनच कायदाही त्यात लक्ष घालतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकास आपल्या मर्जीने करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक नियमबाह्य बदलास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्हीही, अशी शिक्षा ठेविली आहे. प्रत्येक सुटा भाग बदलणे हा काही गुन्हा नव्हे. परंतु धूर आणि आवाज यांची मर्यादा ओलांडणे हा निराळा गुन्हा आहेच. शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंतचा भाग शांतताक्षेत्र ठरू शकतो, अशी तरतूद २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. परीक्षेच्या वेळी वर्गाच्या खिडकीखालून फूत्कार करीत जाणाऱ्यांनी हे ध्यानी धरावे.

दुसरे उत्तर अधिक विचार करण्याजोगे आहे. "ब्यूखीने आणि मॉसने तरी काय केले? त्यांनीही यंत्र बदललेच ना? प्रयोग केल्याशिवाय ज्ञान कसे मिळणार?" हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेणार नाही. खरोखरच, बदल केल्याशिवाय प्रगती नाही. परंतु मॉसने आपले यंत्र पर्वतावर नेले, ते लोकांस आवाज ऐकविण्यासाठी नव्हे. विरळ हवेत इंजिनाचे बळ किती टिकते, ते मोजण्यासाठी नेले. प्रयोग आणि मिरवणूक यांत भेद आहे, तो हाच. जेथे मोजमाप आहे, तेथे प्रयोग आहे. जेथे केवळ प्रेक्षक आहेत, तेथे मिरवणूक आहे.

ज्यांस खरोखर प्रयोग करावयाचा आहे, त्यांच्यासाठी वाट मोकळी आहे. आपल्या देशातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः मोटारी तयार करून कोइमतूर येथे भरणाऱ्या 'फॉर्म्युला भारत' या स्पर्धेत उतरतात. अशा स्पर्धांत पेट्रोल इंजिनास जाणारी सर्व हवा अवघ्या २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच छिद्रातून गेली पाहिजे, असा दंडक असतो. म्हणजे आपल्या अंगठ्याएवढ्या छिद्रातून श्वास घेऊन धावावयाचे! मग नळीचा आकार कसा असावा, हवा थंड कशी राखावी, टर्बो लावावा की न लावावा, याचे गणित मांडत मुले महिनोन् महिने रात्री जागवितात. विज्ञानाच्या पुस्तकातले दाबाचे आणि तापमानाचे धडे तेथे कामी येतात. आमच्या शाळेतील एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी उद्या तेथे पोहोचली, तर तिच्या मोटारीचा आवाज आम्ही आनंदाने ऐकू.

तोवर आमची सूचना साधी आहे. गाडीचा कोणताही भाग बदलण्यापूर्वी स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. हा भाग आजवर कोणते काम करीत होता? बदलाने लाभ झाला की तोटा, हे मी कशाने मोजणार? आणि चूक झालीच, तर तिची किंमत माझ्याशिवाय आणखी कोण देणार? या तिन्हींची उत्तरे देता आली, तर जाणत्या मिस्त्रीस बरोबर घेऊन, कायद्याच्या मर्यादेत खुशाल बदल करावा. ती देता आली नाहीत, तर फिल्टर वेळेवर स्वच्छ करावा, हवेच्या नळ्या कोठे फुटल्या आहेत काय ते पाहावे, ऑइल ठरल्या वेळी बदलावे, आणि घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर मंद चालू ठेवावे. याने फूत्कार होणार नाही, पण टर्बोचे आयुष्य वाढेल.

आपण शेतकऱ्यांची मुले आहोत. आपणांस हे नवे नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या गळ्यात घुंगरमाळ बांधतो, तेव्हा तिच्या नादाने आपलेही मन नाचते. परंतु नांगर ओढण्याचे बळ घुंगरांनी येत नाही. ते वर्षभर घातलेल्या वैरणीने आणि सरकीच्या ढेपेने येते, हे घरातले लहान पोरही जाणते. संत्र्याचे कलम करताना आपले वडील जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधतात. तोही मूळ झाडात केलेला बदलच. पण खुंट कोणता, माती कोणती, डोळा कोणत्या झाडाचा, हे पाहिल्यावाचून ते चाकू हाती घेत नाहीत. म्हणूनच ते झाड पुढे वर्षानुवर्षे फळते.

उथळ पाण्याला खळखळाट फार, असे आपले पूर्वज सांगून गेले. त्यांनी टर्बो पाहिला नव्हता, पण माणसे पाहिली होती. विद्यार्थी मित्रहो, पुढच्या वेळी तो फूत्कार कानी पडला, तर मान वळवून पाहण्यास आमची ना नाही. मात्र पाहता पाहता मनाशी एवढेच विचारा, की ही हवा इंजिनात जावयाची होती, ती रस्त्यावर का आली?