शेवट ठाऊक असलेली गोष्ट

"शेवट कळला, आतां पुन्हा कशाला वाचावयाची?" गोष्टींचें पुस्तक ग्रंथालयांत परत करितांना विद्यार्थी असें वारंवार म्हणतात. ओ. हेन्री या अमेरिकन कथालेखकाविषयीं तर हा प्रश्न साहजिकच होय. कारण अखेरच्या चार ओळींत वाचकास चकित करणारा म्हणूनच त्याची कीर्ति आहे. परंतु आमचें त्याच्यावरील प्रेम वीस वर्षांत तिळमात्र कमी झालेलें नाहीं, आणि शेवट ठाऊक झाल्यावरच तें खरें जडलें, असें आम्हांस वाटतें.

१९०५ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झालेली 'मागी लोकांची देणगी' ही गोष्ट घ्या. डेलाजवळ अवघा १ डॉलर ८७ सेंट. पतीच्या घड्याळास साखळी घेतां यावी म्हणून ती आपले लांब केस विकते. आणि पति जिम यानें तेंच घड्याळ विकून तिच्या केसांसाठीं कंगवे आणिलेले असतात. जिम घरीं येतो तों दारांतच थबकून तिच्याकडे टक लावून पाहतो. प्रथम वाचतांना तो रागावला कीं काय, अशी भीति वाटते. दुसऱ्यांदा वाचतांना त्याच्या खिशांत काय आहे आणि काय नाहीं, हें आपणांस ठाऊक असतें. मग त्याचें तें स्तब्ध उभें राहणें पाहून डोळे भरून येतात.

'शेवटचें पान' या गोष्टींतही तसेंच. वेलीचें शेवटचें पान गळतांच आपण मरणार, असें एका आजारी मुलीनें मनाशीं घेतलें आहे. तिची मैत्रीण आणि म्हातारा चित्रकार बेहर्मन खिडकींतून त्या वेलीकडे पाहतात व क्षणभर एकमेकांकडे कांहीं न बोलतां बघतात. पहिल्या वाचनांत हें सहज निसटून जातें. त्या रात्रीं भर पावसांत भिंतीवर पान रंगवून म्हाताऱ्यानें आपला प्राण वेंचिला, हें कळल्यावर मात्र त्या मौनाचें मोल समजतें.

त्याच्या सर्वच गोष्टी अशा आहेत असें नव्हे. न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रासाठीं तो दर आठवड्यास गोष्ट लिहीत असे. त्यांतील कित्येक एकदां वाचून संपतात.

कांहीं पालक विचारतात, तुरुंगांत गेलेल्या मनुष्याच्या गोष्टी मुलांच्या हातीं कां द्याव्या? बँकेच्या पैशांच्या अपहाराबद्दल १८९८ पासून १९०१ पर्यंत तो ओहायोच्या तुरुंगांत होता, हें खरें. आम्ही तें मुलांपासून लपवीत नाहीं. तेथील दवाखान्यांत औषधें देण्याचें काम करीत असतां त्यानें गोष्टी लिहून मासिकांकडे धाडिल्या. पुढें, न्यूयॉर्कांत दखल घेण्याजोगीं माणसें अवघीं ४०० च आहेत, या म्हणण्यास उत्तर म्हणून १९०६ मध्यें त्यानें आपल्या कथासंग्रहास 'चाळीस लाख' असें नांव दिलें. दुकानांत राबणाऱ्या मुली, कारकून, बेघर भटके, हींच त्याचीं माणसें. ज्यास समाजानें हिशेबांतून वगळिलें, त्यानें आपल्या हिशेबांतून कोणासही वगळिलें नाहीं. मुलांच्या हातीं हीं पुस्तकें देण्यास आम्हांस एवढें कारण पुरेसें वाटतें.

पहिल्या वाचनांत शेवटाची घाई असते; ती सरली म्हणजे माणसें दिसूं लागतात. म्हणून विद्यार्थ्यांनीं पुस्तक परत करण्यापूर्वीं त्यांतील एक तरी गोष्ट पुन्हा वाचावी, आणि पालकांनीं ती संध्याकाळीं घरांत मोठ्यानें वाचावयास सांगावी.