सगळेच व्हीआयपी!

मंडळी, आयबीएमच्या पॉवर५ सर्व्हरवर २००४ मध्ये एका प्रोसेसरचा दहावा हिस्साही पार्टिशनला देण्याची सोय आली. हमीच्या वाट्यावर शिल्लक प्रोसेसरसाठी ओढाताण झाली, की अनकॅप्ड पार्टिशनचं वेट बघितलं जातं: ० ते २५५, डीफॉल्ट १२८.

आणि आपण काय करतो? प्रत्येक टीम मॅनेजरला मध्ये घालून २५५ मागते, आपण देतो! अहो, वेट सापेक्ष असतं. सगळ्यांना २५५ म्हणजे सगळ्यांना १२८ दिल्यासारखंच. मग महिनाअखेरीला पगाराची बॅच रखडते आणि टेस्टवाले शिलकीतून तेवढंच ओढतात.

लगेच नवे प्रोसेसर कशाला? प्रॉडक्शनला २००, टेस्टला ३२ करून बघा. 'नाही' म्हणायला लायसन्स लागत नाही हो!