कोळशाच्या रेकमागे चुनखडीची एक वाघीण

घमापूर (जबलपूर)



कोळसा आपणच ओढतो, त्याच्याच विजेवर आपली इंजिने धावतात आणि दिवसभर रस्त्यावर फिरणाऱ्या पोस्टमनच्या छातीत धूरही त्याचाच जातो. तेव्हा केंद्र सरकारची ११ जुलै २०२५ ची अधिसूचना परक्याची बाब समजू नये.

धुरातील गंधक काढण्यासाठी औष्णिक वीज केंद्रांना डिसेंबर २०१५ मध्ये दोन वर्षांची मुदत दिली होती. मुदती वाढत गेल्या आणि शेवटी तीन-चतुर्थांशाहून अधिक केंद्रांना सूटच मिळाली. केंद्र दहा लाख वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या बाहेर असावे, परिसर अतिप्रदूषित ठरलेला नसावा आणि चिमणी ठरल्या उंचीची असावी, एवढे पुरते. जबलपूर दहा लाखांत मोडते. गाडरवारा, बिरसिंहपूर मात्र त्या दहा किलोमीटरच्या कितीतरी पलीकडे. गंधकाचा वायू हवेत बारीक धूळ होऊन शेकडो किलोमीटर जातो. त्याला ही हद्द कोण दाखवणार?

आपल्या कोळशात गंधक कमी, हे सरकारचे म्हणणे खरे आहे. पण हिशेब करा. एका रेकमध्ये सुमारे ४००० टन कोळसा. अर्धा टक्का गंधक धरले तर २० टन, म्हणजे ४० टन वायू. तो बांधायला चुनखडी लागते कागदावर साडेबासष्ट टन! अठ्ठावन्न वाघिणी कोळशामागे चुनखडीची जेमतेम एक वाघीण. आणि चुनखडीची कटनी तर आपल्या शेजारीच.

प्रत्यक्षात जास्त लागते. चुनखडीची भुकटी नुसती भट्टीत फुंकली की कणावर कॅल्शियम सल्फेटचे कवच बसते, छिद्रे बुजतात आणि आतला चुना कोराच राहतो. यावर उपाय सुधारलेल्या चुन्याचा. केंद्राचीच राख चुन्याबरोबर गरम पाण्यात घोटली की सच्छिद्र सिलिकेट तयार होते; चुना मद्यार्क घालून विरवला तरी त्याचा पृष्ठभाग वाढतो. पाण्याने धूर धुणारी यंत्रणा ९० टक्क्यांहून अधिक वायू काढते, तेवढे काम कोरड्या चुन्याने होणार नाही. पण ती महाग म्हणून काहीच करायचे नाही, हा कुठला न्याय? जुन्या केंद्रांना निदान हा मधला मार्ग सक्तीचा करावा, असे आमचे मत आहे.

चुनखडीतून कार्बन वायू निघतो, असाही आक्षेप घेतात. निघतो, वरच्या हिशेबाने रेकमागे सत्तावीस-अठ्ठावीस टन. कोळसा स्वतः पाच-सहा हजार टन सोडतो, त्याबद्दल मात्र अवाक्षर नाही!

एक अट आपली. चुना डोळे आणि कातडी जाळतो. तो झाकलेल्या वाघिणीतून यावा, यंत्राने उतरावा, आणि चष्मा, मुखपट्टी, हातमोजे ठेकेदाराच्या मजुरालाही मिळावेत. फावडे त्याच्याच हातात असते.