सेलमचे अतिवाचन

मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे १६९२ साली चाललेले चेटूक-खटले हा समीक्षेच्या दृष्टीने निकालात निघालेला विषय आहे, असा समज दृढ झालेला दिसतो. आर्थर मिलरच्या 'द क्रूसिबल' (१९५३) या नाटकाने सेलमचे रूपक केले, मॅकार्थीकालीन चौकशीसत्राशी त्याची सांगड घातली, आणि या रूपकाच्या अलीकडे काही आहे याचाच विसर पडला. नाटककाराला इतिहास वाकवण्याचा अधिकार असतोच. सुमारे साठीचा जॉन प्रॉक्टर तिशीतला झाला, अकरा-बारा वर्षांची अबिगेल विल्यम्स सतरा वर्षांची झाली, दोघांमध्ये एक प्रकरणही घडले. अबिगेलचे वय वाढवल्याचे मिलरने सांगूनही टाकले आहे. आक्षेप आहे तो नाटकाच्या आधारे 'सामूहिक उन्माद' एवढे दोन शब्द उच्चारून मोकळ्या होणाऱ्या समीक्षेवर. उन्माद म्हटले की अर्थनिर्णयनाचा प्रश्नच उरत नाही. सेलमचा प्रश्न तर मुळात अर्थनिर्णयनाचा आहे.

प्युरिटन समाज हा वाचणाऱ्यांचा समाज होता. वसाहत वसून दशकही उलटले नसताना १६३६ साली तेथे हार्वर्ड कॉलेज स्थापन झाले. १६४७ च्या कायद्याने पन्नास कुटुंबांच्या प्रत्येक गावावर लिहिण्यावाचण्याच्या शिक्षणाची सोय करण्याची सक्ती केली. कारण दिले ते असे, की सैतान माणसाला धर्मग्रंथापासून दूर ठेवू पाहतो. मात्र वाचायचे ते केवळ बायबल नव्हे. गाय मेली, मूल तापाने फणफणले, धान्याच्या कोठारावर वीज पडली, की त्यातील ईश्वरी संकेत उलगडायचा. लिहिता येणाऱ्याने तो रोजनिशीत नोंदवायचा. चर्चचे पूर्ण सभासदत्व हवे असणाऱ्याला आपल्या अंतःकरणात कृपेच्या खुणा कशा उमटल्या याचे कथन करावे लागे, आणि ते सच्चे की दांभिक हे इतरेजन ठरवीत. मोक्ष कोणाला, हे ईश्वराने आधीच ठरवलेले. माणसाच्या हाती फक्त खुणा. निरर्थक अशी घटनाच ज्या व्यवस्थेत संभवत नाही, तेथे योगायोगाला जागा कोठून असणार?

मराठीत 'चेटकीण' हा शब्द वापरताच या व्यवस्थेचे मर्म निसटते. चेटकीण मंत्रतंत्र जाणते, करणी करते. सेलमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तक्रारीही करणीच्याच होत्या. पण धर्मपंडितांच्या लेखी खरा गुन्हा होता तो सैतानाशी केलेल्या कराराचा. चर्चची मंडळी ईश्वराशी करार करून उभी राहते, त्याचेच हे विपरीत रूप. म्हणून येथेही पुस्तक लागे, सही लागे. सैतानाच्या पुस्तकात सही करावी यासाठी आपला छळ होतो, असे पीडित मुली पुन्हा पुन्हा सांगतात. टिट्युबाने मार्चमधील जबानीत त्या पुस्तकात नऊ खुणा पाहिल्याचे सांगितले. चौकशी तीन स्त्रियांपाशी थांबण्याची शक्यता तेथेच संपली. (याच टिट्युबाला समकालीन कागदपत्रे 'इंडियन' म्हणतात. लाँगफेलोच्या १८६८ च्या पद्यनाटकात ती अर्धी कृष्णवर्णीय होते, मिलरकडे पूर्ण. हेही एक अतिवाचनच. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.)

आरोपीचे शरीर एकीकडे असताना तिचे छायारूप आपल्याला चिमटे काढते, गळा दाबते, असे मुली सांगत. इतरांना ते दिसत नसे. हे रूप त्या व्यक्तीचेच मानावे काय? मुख्य न्यायाधीश विल्यम स्टाउटन यांच्या मते निरपराध माणसाचे रूप धारण करण्याची मुभा ईश्वर सैतानाला देणार नाही. चिन्ह आणि चिन्हित यांचे नाते असे ईश्वराच्या हमीने पक्के झाले. इन्क्रीस मॅदर यांनी ऑक्टोबरमध्ये ही हमी नाकारली. तोवर एकोणीस जण फासावर गेले होते, आणि खटल्याला सामोरे जाण्यास नकार देणारा जाइल्स कोरी दगडांच्या भाराखाली चिरडला गेला होता.

रिबेका नर्सचा खटला या दृष्टीने अवश्य वाचावा. सत्तरी ओलांडलेल्या या धर्मशील स्त्रीला ज्यूरीने प्रथम निर्दोष ठरवले. त्यावर मुलींनी आकांत केला, आणि स्टाउटन यांनी ज्यूरीचे लक्ष तिच्या एका उद्गाराकडे वेधले. चेटूक कबूल केलेली एक कैदी साक्षीसाठी आणली गेली, तेव्हा ही तर आमच्यातलीच, अशा अर्थाचे काही नर्स बोलली होती. 'आमच्यातली' म्हणजे कोणातली? ज्यूरीने तिलाच विचारले. ती गप्प राहिली, आणि त्या मौनाचा अर्थ लावून निकाल फिरवण्यात आला. आपण तिला सहकैदी म्हणत होतो, ऐकू कमी येत असल्याने आणि दुःखाने ग्रासल्यामुळे आपल्या शब्दांचा काय अर्थ लावला जात आहे हे कळलेच नाही, असे नर्सने नंतर लेखी कळवले. १९ जुलै रोजी तिला फाशी देण्यात आली. या प्रसंगात उन्माद असलाच तर तो मुलींच्या किंकाळ्यांत. एका सर्वनामावरून गळफास वळणारे मात्र शांतपणे, पद्धतशीरपणे वाचत होते.

इतिहासकारांनी सेलमची कारणे कसून शोधली आहेत. बॉयर आणि निसेनबॉम (१९७४) यांनी गावातील गटबाजी, कॅरल कार्लसन (१९८७) यांनी भाऊ वा मुलगा नसलेल्या स्त्रियांकडे जाणारा वारसा, मेरी बेथ नॉर्टन (२००२) यांनी सरहद्दीवरील इंडियन युद्धांची भीती पुढे आणली. बोट कोणाकडे का वळले, हे त्यातून बऱ्याच अंशी उमगते. पण बोट दाखवणे हा पुरावा कसा ठरला, हा प्रश्न संहितेच्या अभ्यासकांचा आहे, आणि त्यांनीच तो 'उन्माद' म्हणून टाकून दिला आहे.

उन्मादाची उपपत्ती जानेवारी १६९३ पाशी तर सरळच अडखळते. त्या महिन्यात नवे न्यायालय बसले. स्टाउटन आणि सॅम्युएल सूअल यांच्यासह बहुतेक न्यायाधीश तेच होते. सैतानावरचा विश्वासही कोणाचा उडाला नव्हता. बदलला तो वाचनाचा नियम: छायारूपाचा पुरावा आता ग्राह्य नव्हता. ज्यूरीमागून ज्यूरीने आरोपींना सोडले. दोषी ठरल्या त्या केवळ तिघी, आणि त्यांचीही फाशी टळली. त्यांतील एलिझाबेथ जॉन्सन हिच्या नावावरचा दोष मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने पुसला तो २०२२ साली.