'चक्र'मधला खरा गुन्हेगार कोण?

'सत्या' आणि 'वास्तव'चे संवाद आपल्या पोरांना तोंडपाठ असतात. पण रवींद्र धर्मराज यांचा 'चक्र' (१९८१) किती जणांनी पाहिला आहे? आंबेडकरी तरुणांनी तो पाहावा आणि त्याच्याशी भांडावेही, असे आम्हाला वाटते.

हा धर्मराज यांचा एकमेव कथापट. लोकार्नो महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मूळ कादंबरी १९६३ची, जयवंत दळवींची. दळवी आपल्याच जिल्ह्यातले, वेंगुर्ल्याच्या आरवलीचे.

गावात सावकार अम्मावर हात टाकतो. नवरा त्याला मारतो आणि कुटुंब मुंबईला पळते. झोपडीसाठी पत्रे चोरताना नवरा पोलिसांच्या गोळीने मरतो. मुलगा बेन्वा लुक्का नावाच्या भुरट्या गुंडाला आदर्श मानून वाढतो. शेवटी बुलडोझर वस्ती सपाट करतो.

आता यातले गुन्हे मोजा. पत्रा चोरला तर गोळी. शेकडो संसार मोडले तर ती 'कारवाई'! आणि पहिला गुन्हा शहरात घडलेलाच नाही, तो गावात घडला आहे.

सिनेमा आला त्याच वर्षी, जुलै १९८१ मध्ये, मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवून आपापल्या गावी धाडण्याचा निर्णय जाहीर केला. ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, पण रीतसर नोटीस देऊन हटवायला मुभाही दिली. गावी परत जा म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, कोणत्या गावी? त्या सावकाराच्या? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांचा समाचार घेतला, तो उगाच नव्हे.

आमचे भांडण पुढे आहे. 'चक्र' भूक दाखवतो, वासना दाखवतो, पण जात हा त्याचा विषयच होत नाही. १९६३ मध्येच बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. त्यातला रेल्वे कामगार शहरात खोली मिळावी म्हणून जात लपवतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो. शहरात गेले की जात सुटते, हा भ्रम बागुलांनी तेव्हाच फोडला होता. शिवाय नळावर आंघोळ करणारी अम्मा 'चक्र'च्या पोस्टरवर झळकली. गरीब बाईची अब्रू तिकीटखिडकीवर विकली गेली, हेही विसरू नका.

सिनेमाच्या नावातच एक फसगत आहे. चक्र म्हणजे नशिबाचा फेरा, त्यातून सुटका नाही, असा अर्थ सहज काढला जातो. आम्ही बौद्ध आहोत. दुःखाला कारण असते आणि कारण दूर करता येते, हे आमचे धम्मचक्र सांगते. बेन्वाच्या गुन्ह्यालाही कारणे आहेत : सावकारी, जात, बेघरपणा, सुटलेली शाळा. यांतले एकही दैवाने दिलेले नाही.

वालावलचे तळे आणि लक्ष्मीनारायणाचे देऊळ कॅमेऱ्याला फार आवडते. बौद्धवाडीतून मुंबईला गेलेल्यांची गोष्ट सांगायला मात्र तो कॅमेरा येत नाही. जातीची गोष्ट नागराज मंजुळेंनी 'फँड्री'त आपल्या मातीतून सांगून दाखवली. आपल्या हातातही आज मोबाइल आहे. वस्तीत 'चक्र' दाखवा, त्यावर चर्चा घडवा आणि जे त्यात नाही ते आपण चित्रित करूया.

जय भीम!